मोटरहोममधील आवाजाच्या तक्रारीबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपण सविस्तर अभिप्राय लिहिलात, त्याबद्दल आभारी आहोत. नवे स्पीकर बसवण्यास सांगूनही आम्ही ते बसवले नाहीत, तारांची जोडणी आणि टीव्हीची सेटिंग बदलून तपासणीचे शुल्क घेतले आणि इंजिन सुरू केल्यावर ऐकू येणारी शिट्टी तशीच राहिली, अशी आपली तक्रार आहे. त्यातील शिट्टीचा मुद्दा पूर्णपणे खरा आहे. मात्र स्पीकर न बदलण्याचा निर्णय आम्ही विचारपूर्वक घेतला होता आणि आजही तो योग्यच वाटतो.

गाडी आमच्याकडे आली तेव्हा चित्रपटातले संवाद दबलेले ऐकू येत होते आणि संगीतात खर्ज जवळजवळ नव्हताच. आम्ही प्रथम टीव्ही बाजूला ठेवून, त्याचा आवाज ज्या स्टिरिओतून येतो त्याच स्टिरिओवर ब्लूटूथने फोनमधील गाणी लावली. गायकाचा आवाज स्वच्छ आला, खर्ज मात्र आला नाही. म्हणजे संवादांचा दोष टीव्हीकडून येणाऱ्या मार्गात होता आणि खर्जाचा दोष स्पीकरच्या बाजूला. १.५ व्होल्टचा सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवला असता छतातील एका स्पीकरचा पडदा पुढे आला, दुसऱ्याचा मागे गेला. एकाची धन आणि ऋण तार उलट जोडलेली होती. अशा जोडणीत दोन्ही स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध हलतात आणि खालचे स्वर परस्परांना पुसून टाकतात. त्या जागी कितीही भारी स्पीकर बसवले असते, तरी उलटी तार तशीच राहिली असती तर खर्ज आला नसता.

संवादांचे कारण निराळे होते. ५.१ ध्वनीत, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक वेगळा स्पीकर यांसाठी विभागलेल्या ध्वनीत, बहुतेक संवाद मधल्या चॅनेलवर असतात. आपल्या स्टिरिओच्या सेटिंगमध्ये मधला स्पीकर असल्याची नोंद होती, प्रत्यक्षात गाडीत तो बसवलेलाच नाही. त्यामुळे संवाद कुठल्याच स्पीकरपर्यंत धड पोहोचत नव्हते. टीव्हीचे आउटपुट पीसीएम स्टिरिओवर, म्हणजे साध्या दोन चॅनेलच्या ध्वनीवर, ठेवल्यापासून ते दोन्ही स्पीकरमध्ये विभागले जातात. हा बदल काही मिनिटांत होतो, पण त्याचे कारण शोधायला वेळ लागतो आणि तपासणीचे शुल्क त्या शोधाचे असते.

आता शिट्टीविषयी. इंजिनाचा वेग वाढला की तिचा सूर चढतो, त्यामुळे तिचा उगम अल्टरनेटरमध्ये, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रात, आहे हे निश्चित. आवाज शून्यावर नेला तरी ती ऐकू येते, याचा अर्थ ती टीव्हीच्या केबलमधून येत नसून स्टिरिओच्या वीजपुरवठ्यातून किंवा अर्थिंगमधून (गाडीच्या सांगाड्याला केलेल्या ऋण जोडणीतून) शिरते. गाडी उभी असताना घेतलेल्या मापनात बॅटरीपाशी १२.६ व्होल्ट, तर मोठ्या आवाजात वाजणाऱ्या स्टिरिओपाशी ११.४ व्होल्ट मिळाले, म्हणजे तिथवर जाणारी तार बारीक आहे किंवा एखादा सांधा सैल आहे. यावर खरा उपाय म्हणजे बॅटरीपासून स्टिरिओपर्यंत स्वतंत्र, जाड तार टाकणे आणि अर्थिंग रंग खरवडलेल्या स्वच्छ धातूवर घट्ट बसवणे. एवढे करूनही शिट्टी उरली तरच वीजपुरवठ्यातला असा आवाज गाळणारा फिल्टर लावावा. नवी तार टाकण्यासाठी भिंतीचे पॅनेल उघडावे लागतात, आणि आपल्याला त्याच संध्याकाळी प्रवासाला निघायचे असल्याने हे काम आम्ही अहवालात लिहून पुढील भेटीसाठी ठेवले.

नव्या स्पीकरची आपली इच्छा रास्त आहे. छतातील पातळ स्पीकरमागे बंद पेटी नसते, त्यामुळे त्यांच्याकडून खोल खर्जाची अपेक्षा करता येत नाही. परंतु शिट्टी काढण्याआधी चांगले स्पीकर बसवले, तर ती शिट्टीही अधिक स्पष्ट वाजेल. शिवाय ८ ओहमच्या (ओहम हे विद्युतरोधाचे एकक) जागी ४ ओहमचे स्पीकर लावले तर स्टिरिओतील अ‍ॅम्प्लिफायरवर जवळपास दुप्पट विद्युतप्रवाहाचा भार पडतो, म्हणून निवडीपूर्वी त्याची क्षमता पाहणे आवश्यक आहे. हे काम आपण अन्यत्र करून घेतलेत, तर स्पीकरची ऋण तार गाडीच्या सांगाड्याला जोडू देऊ नका. गाडीतल्या अनेक स्टिरिओंचे अ‍ॅम्प्लिफायर त्याने जळतात.

आमच्याकडे आणल्यास खर्चाचा अंदाज आधी लेखी देऊ, भरलेले तपासणी शुल्क त्यातून वजा करू आणि इंजिन सुरू ठेवून आपल्यासमक्ष आवाज ऐकवल्यावरच गाडी ताब्यात देऊ. गाडी मात्र पूर्ण दिवस ठेवावी लागेल. पॅनेल घाईने काढले की त्यांच्या क्लिपा तुटतात आणि मग रस्त्यावर ते पॅनेलच खडखडू लागते.

आपले,
कार्यशाळेचे मालक