पेनवर 10 च्या जागी 6

रविवारी भाची कोपरीहून नेरूळला जेवायला आली. ताट वाढलं तशी तिने पोटाला इन्सुलिनचं पेन लावलं. डोसचा आकडा 6 युनिट. रोजचा 10. विचारलं तर म्हणते, "मावशी, आईने पाठवलेलं वाचलं नाहीस? सुईने हाडं पोखरतात." साखरेच्या मीटरवर 312.

तो मेसेज ताईला तिच्या हळदीकुंकवाच्या ग्रुपवर आलेला. म्हणे इन्सुलिन हाडांतलं कॅल्शियम ओढतं, म्हणून शुगरच्या पोरींची हाडं तिशीतच ठिसूळ होतात. उपाय असा: सुई कमी करत जा, गव्हाच्या दाण्याएवढा चुना ताकातून घ्या, कोवळ्या उन्हात बसा, तीन महिन्यांत सुई बंद.

आधी ही सुई बंद करण्याची गोष्ट, कारण ती लिहिणाऱ्याला धरून बडवावंसं वाटतं. पोरीला टाइप 1 मधुमेह आहे. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तिच्याच शरीराने मारल्यात. त्या चुन्याने उगवत नाहीत. इन्सुलिन थांबलं की रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतात, उलट्या सुरू होतात, एक-दोन दिवसांत आयसीयू. 1922 साली टोरांटोत एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी अशी मुलं बहुतेक वर्ष-दोन वर्षांत जायची.

आणि कॅल्शियम ओढतं? उलट आहे. हाड बांधणाऱ्या पेशींना इन्सुलिन लागतं. साखर चढलेली राहिली की कॅल्शियम लघवीतून जातं, हाडातल्या कोलॅजन या प्रथिनाला साखर चिकटून ते कडक, ठिसूळ होतं. म्हणजे 10 चे 6 करून पोर हाडंच खर्ची घालत होती.

आता नाइलाजाने एक कबूल करते. टाइप 1 मध्ये हाडं खरंच लवकर मोडतात. 2015 मध्ये 'डायबिटीज केअर' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या टाइप 1 च्या 30,394 जणांचा अभ्यास आला. खुब्याचं हाड मोडण्याचा धोका 30 ते 39 वयाच्या बायकांत इतरांच्या साडेपाच पट निघाला. त्या वयात खुबा मुळात क्वचितच मोडतो, हे खरं. तरी आकडा हसण्यावारी न्यायचा नाही. शिवाय डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत घनता बरी दिसली तरी धोका त्याहून जास्त असू शकतो. पोर 22 ची आहे, हाडांची पुंजी जमते ती तिशीच्या आतच. म्हणून डॉक्टरांना ड जीवनसत्त्वाचं विचारा, सिलिअ‍ॅकचंही विचारा; गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा करणारा हा आजार टाइप 1 वाल्यांत जास्त आढळतो आणि कॅल्शियम अंगी लागू देत नाही. साखर एकदम उतरून चक्कर येऊन पडणं, हेही हाड मोडायचं कारण आहे.

कोवळं ऊन छानच, पण ड जीवनसत्त्व बनवणारे किरण त्यात नावालाच असतात आणि बंद खिडकीच्या काचेतून तर येतच नाहीत. चुन्यात कॅल्शियम आहे, मान्य. तोंड भाजायची ताकदही आहे. नाचणीची भाकरी खा की.

पोरीच्या पर्समधली चुन्याची डबी मी ठेवून घेतली आहे, ताई. सासूबाईंच्या पानाला लागत असेल तर येऊन घेऊन जा.