झऱ्याचं तोंड मोकळं ठेवा

मी राहतो त्या अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीहून यलोस्टोनचं राष्ट्रीय उद्यान गाडीने पाचेक तासांवर. भारतातून पाहुणे आले की तिकडची फेरी ठरलेली. सगळ्यांना ओल्ड फेथफुल बघायचा असतो. साधारण दीड तासाने उकळत्या पाण्याचा फवारा शंभर-दीडशे फूट उडतो आणि टाळ्या पडतात. मी मात्र त्यांना तिथून दोनेक किलोमीटर पुढे, मॉर्निंग ग्लोरी कुंडापर्यंत चालवत नेतो.

एके काळी हे कुंड निळंशार होतं. आता कडेने पिवळं-नारिंगी, मधे हिरवट दिसतं. लोक वर्षानुवर्षं त्यात काही ना काही टाकत आले. १९५० मध्ये पाणी उपसून सफाई केली, तेव्हा ढीगभर नाणी, रुमाल, टॉवेल, मोजे निघाले. गरम पाणी वर येण्याची वाट चोंदली, पाणी निवलं आणि कडेला जगणारे रंगीत सूक्ष्मजीव आत सरकले.

तिथे उभं राहिलं की मला नाशिकचं रामकुंड आठवतं. सिंहस्थाच्या कामांत गोदापात्रात काँक्रीट ओतलं गेलं, जुन्या कुंडांचे तळ झाकले गेले. यलोस्टोनसारखंच आपलं नाशिकही ज्वालामुखीच्याच खडकावर वसलंय, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर. हा काळा पाषाण स्वतः पाणी धरत नाही. पाणी खेळतं ते त्याच्या भेगांतून. भेगच लिंपली तर झरा जाणार कुठे?

तळाचं काँक्रीट काढावं हे पंचवटीतल्या आत्याला पटत नाही. फोनवर म्हणाली, "अरे, पर्वणीला लाखोंनी माणसं उतरतात. शेवाळावर म्हातारी माणसं घसरली तर? तू तिकडे बसून बोलतोस." तिचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. यलोस्टोनचा कित्ता नाशिकला गिरवता येणार नाही, आणि गिरवूही नये. १८७२ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे वावरणाऱ्या शोशोनी लोकांना पुढे बाहेर काढलं गेलं. गोदावरी माणसांची आहे. तिच्यात स्नान होणार, दिवे सोडले जाणार, अस्थी विसर्जन होणार.

पण यलोस्टोनमधल्या लाकडी पायवाटा बघा. खाली जमीन उकळतेय आणि वरून लहान मुलं, व्हीलचेअरवरचे आजोबा सुखरूप जातात. टोपी उडून पाण्यात पडली तर रेंजर लांब दांडीच्या चिमट्याने काढतात, कुणाला उतरू देत नाहीत. माणसांची सोय झाली, झऱ्याच्या तोंडाला हात लागला नाही. आपल्याकडेही हे होतंच की! जुने दगडी घाट काठाला होते, पात्र मोकळं होतं.

सिंहस्थासाठी तपोवनातली झाडं तोडू नयेत म्हणून नाशिककर रस्त्यावर उतरले, त्याचा मला इथे बसून अभिमान वाटला. कुंडांसाठीही तेवढाच आवाज उठायला हवा, आणि तो २०२७ च्या पर्वण्यांआधी. पायऱ्या दुरुस्त करा, आधाराच्या साखळ्या लावा, कठडे सोहळ्यानंतर काढता येतील असे बसवा. काही कुंडांतलं काँक्रीट काढलं गेलंच आहे. उरलेल्यांचे तळही उघडे करा, आणि नवं टाकायला परवानगी देऊ नका.