थंडी परत मिळत नाही म्हणे!

‘थंडी म्हणजे नुसता उष्णतेचा अभाव. जे नाहीच ते परत काय मिळवणार? बिअरच्या कारखान्यात वाया जाणारी थंडी वापरून वीज वाचते ही विक्रेत्यांची थाप. मुंबईच्या दमट हवेत तर विसराच, वर ग्लायकॉल गोठेल ते वेगळंच.’ आम्हा चिलरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हे सध्या जोरात फिरतंय. (चिलर म्हणजे गार करणारं यंत्र; ग्लायकॉल म्हणजे त्याने गार करून कारखान्यात फिरवायचं, पाण्यापेक्षा उशिरा गोठणारं मिश्रण.)

पहिलं वाक्य खरंय. पण विजेचं बिल येतं ते उष्णता बाहेर काढण्याचंच ना!

बिअर आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो. मोठे कारखाने तो गोळा करून, स्वच्छ करून, दाबाखाली उणे 20 अंशांच्या आसपास द्रव करून टाकीत ठेवतात. त्यात वीज जाते. बाटल्या भरताना तोच पुन्हा वायू करायचा, म्हणून त्याला उष्णता द्यायची: कुठे वाफेची, कुठे हीटरची, कुठे नुसती हवेची. एक टन द्रवाला साधारण 78 युनिट उष्णता लागते. आणि भिंतीपलीकडे चिलर ग्लायकॉलमधली उष्णता काढायला राबतोय! ग्लायकॉल या द्रव कार्बन डायऑक्साइडशेजारून फिरवला की दोन्ही कामं होतात. चिलर एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता ओढत असेल, तर टनामागे 26 युनिट वीज वाचते. हीटर असेल तर त्याचे 78 वेगळे.

दमट हवेचं म्हणाल, तर मे महिन्यात भर दुपारी हवेच्या उष्णतेवर द्रवाचा वायू करणाऱ्या व्हेपोरायझरसमोर उभे राहा. त्याच्या फिनांवर, म्हणजे पाइपाभोवतीच्या पात्यांवर, पांढऱ्या बर्फाचा असा थर की पाइप दिसत नाही, खाली पाणी ठिबकतंय. तीच ती वाया जाणारी थंडी. दमटपणाने बर्फ आणखी साचतो आणि व्हेपोरायझर मंदावतो. शिवाय आपल्या नळाचं पाणीच कोमट, त्यामुळे उकळलेला वर्ट (आंबवण्याआधीचा धान्याचा गोड रस) त्याच्यावर पुरेसा गार होत नाही. शेवटचे अंश चिलरलाच उतरवावे लागतात. मिळालेल्या थंडीला गिऱ्हाईक बाराही महिने आहे.

गोठण्याची भीती मात्र खोटी नाही. 30 टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल उणे 13 च्या सुमाराला गोठायला लागतं. ग्लायकॉलचा पंप बंद पडला आणि द्रव कार्बन डायऑक्साइड येत राहिला, तर एक्सचेंजर (दोन्ही शेजारून वाहतात तो भाग) फुटलाच म्हणून समजा. म्हणून प्रवाह थांबताच द्रवाचा व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हायला हवा. त्यात काटकसर करणाऱ्याने या भानगडीत पडूच नये.

आणि अंधेरी-लोअर परळच्या, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर चालणाऱ्या छोट्या ब्रूपबनीही (स्वतःची बिअर बनवणाऱ्या पबनी). तिथे वर्ट गार करताना तापलेलं पाणी पुढच्या घाण्याला वापरलं तरी पुष्कळ झालं.