पहाटेची पोटदुखी आणि तीस तासांची सर्टिफिकिटं

परवा रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं म्हणून लॅपटॉपवरचं सर्टिफिकिटांचं फोल्डर उघडलं. डॉक्टर मंडळींना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. दर पाच वर्षांनी मेडिकल काउन्सिलकडे आमची नोंदणी रिन्यू होते आणि तेव्हा ३० क्रेडिट पॉईंट दाखवावे लागतात. पाच वर्षांत निदान ३० तास नवं शिकत राहायचं, हे २००२ च्या एथिक्सच्या नियमांतच लिहिलंय. नियम चांगलाच आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तर ते फोल्डर बघत बसले आणि एकेका सर्टिफिकिटापाशी थांबून आठवायला लागले की या वेबिनारमध्ये आपण नेमकं काय ऐकलं होतं. अर्ध्याहून जास्त वेबिनार डोक्यातून पार पुसले गेलेत. विषय वाचला तरी काही आठवेना. आणि ज्या एका ऑनलाइन चर्चेमुळे माझ्या हातून एक पोरगं वाचलं, तिचं सर्टिफिकीटच नाही, कारण ती कुठल्याच हिशोबात धरली जात नाही.

ती गोष्ट सविस्तर सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

मी चोपडा-शिरपूर पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याला पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. आमच्याकडे केळी, कपाशी, आणि वरच्या पाड्यांवरनं कामाला उतरणारी पावरा, भिल्ल कुटुंबं. रखवालदार म्हणून शेतातच झोपडी करून राहतात, जमिनीवर गोधडी टाकून झोपतात. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात पहाटे साडेपाचला क्वार्टरचं दार वाजलं. केळीचा मालक बोलेरोत घालून सतरा वर्षांच्या पोराला घेऊन आला होता. "मॅडम, रातपाईन येनं पोट दुखी ऱ्हायनं, दोनदा उलट्या बी व्हयन्यात." पोरगं पोट धरून बसलेलं. ताप नाही, जुलाब नाही, पोटाला हात लावला तर पोट मऊ. अशा पेशंटला आपण काय देतो? ॲसिडिटीचं इंजेक्शन, मुरड्याचं इंजेक्शन, एक सलाईन, आणि "दुपारी दाखवायला आण". मीही वर्षानुवर्षं हेच दिलंय, आणि सिस्टर तर सवयीने सिरिंज भरायलाही लागल्या होत्या.

मी थांबवलं त्यांना. कारण त्याच्या तीन-चार महिने आधी आमच्या गुरुवारच्या कॉलवर धडगावकडच्या एका डॉक्टरने स्वतःची केस मांडली होती. खान्देशातल्या आम्ही दहा-बारा जणांनी स्वतःहून सुरू केलेला कॉल आहे हा, दर गुरुवारी रात्री साडेनऊला. त्याने सांगितलं, पहाटे पोटदुखीची एक बाई आली, मी इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, आठ वाजता तिला परत आणलं तेव्हा डोळे उघडत नव्हते, नऊला श्वास गेला, मण्यार साप होता. चाव्याची खूण शोधूनही सापडली नव्हती. एवढं बोलून तो गप्प झाला, आणि कॉलवर बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग आमच्यातल्या एका सीनियर फिजिशियन सरांनी त्याला एका शब्दानेही न दुखावता समजावलं. मण्यार रात्रीचा निघतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो, दुखत नाही, सूज नाही, खूण बहुतेक दिसतच नाही. पेशंट येतो तो पोटदुखी, उलटी, घसा दुखतोय म्हणून. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची टेस्ट नॉर्मल येते कारण हे विष नसांवर काम करतं, रक्तावर नाही, तेव्हा टेस्ट नॉर्मल आली म्हणून साप नाही असं समजू नका. पावसाळ्यात, पहाटे, जमिनीवर झोपलेला माणूस पोटदुखी घेऊन आला तर आधी पापण्या बघा.

मी पोराला विचारलं, कुठे झोपला होतास? खाली. वर बघ म्हटलं छताकडे, बघतच राहा. अर्ध्या मिनिटात पापण्या खाली यायला लागल्या. एका श्वासात आकडे मोज म्हटलं तर अकरापर्यंत गेला. दहा मिनिटांनी परत मोजायला लावलं, सातवर थांबला. मान उशीवरनं उचलता येईना. तेवढ्यात १०८ ला फोन झालेला, ॲड्रिनलिन भरून बाजूला ठेवलेलं, एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या दहा व्हायल सलाईनमधून सुरू केल्या. ॲट्रोपिनसोबत निओस्टिग्मीनचा एक डोस देऊन बघितला, नागाच्या विषाला त्याचा जसा उपयोग होतो तसा मण्यारला सहसा होत नाही, पण नेमका कुठला साप हे कुणी पाहिलेलं नव्हतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अँब्यु बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, हाताशी काढून ठेवली, कारण त्या गुरुवारच्या कॉलवर सरांनी तीनदा बजावून सांगितलं होतं की मण्यारमध्ये औषधापेक्षा श्वास वाचवतो, एकदा पॅरालिसिस बसला की एएसव्ही तो झटकन सोडवत नाही, तुम्ही फक्त त्याला हवा देत राहा.

ॲम्ब्युलन्समध्ये मी आणि सिस्टर दोघी बसलो. अर्ध्या वाटेत त्याचा श्वास थांबला. तिथनं जळगावपर्यंत आम्ही आळीपाळीने बॅग दाबत गेलो, मनात एक-दोन-तीन-चार मोजत, माझा हात भरून आला की सिस्टर घ्यायच्या, त्यांचा भरून आला की मी. पोरगं चार दिवस व्हेंटिलेटरवर होतं आणि चालत घरी आलं. मालकाने झोपडीत बाज टाकून दिली, वर मच्छरदाणी, ती गादीखाली खोचायची हे मी स्वतः जाऊन दाखवलं.

आता मला सांगा, मण्यारची ही सगळी माहिती मला नव्हती का? होती. एमबीबीएसला वाचली होती, परीक्षेत लिहिली होती, साप चावण्यावर निदान दोन वेबिनार केले होते, त्यांची सर्टिफिकिटं त्याच फोल्डरमध्ये आहेत. पण त्या पहाटे मला स्लाईड आठवली नाही, मला तो डॉक्टर आठवला आणि त्याचं गप्प होणं आठवलं. माझं म्हणणं एवढंच आहे की डॉक्टर शिकतो तो दुसऱ्या डॉक्टरने न घाबरता सांगितलेल्या चुकीतून, आणि आज ज्याला आपण ऑनलाइन सीएमई, म्हणजे डॉक्टरांचं चालू शिक्षण म्हणतो त्यात अशी चूक सांगायला जागाच ठेवलेली नाही.

कसं असतं बघा ना. चारशे-पाचशे जण जॉईन, सगळे म्यूट, कॅमेरे बंद. मोठ्या शहरातले स्पेशालिस्ट, खरंच विद्वान माणसं, साठ-सत्तर स्लाईड धडाधड इंग्रजीत. शेवटी पाच मिनिटं प्रश्न, ते पण चॅटमध्ये टाईप करायचे. मग फीडबॅक फॉर्म, मग सर्टिफिकीट. मागे मी एक केलं होतं डायबेटिसवर, आठवड्यातून एकदा घ्यायच्या नव्या इंजेक्शनवर सव्वा तास. औषध चांगलं आहे, त्यावर अभ्यास झालेत, मला काही म्हणायचं नाही. पण माझ्या फार्मसीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड या डायबेटिसच्या साध्या गोळ्या आहेत आणि माझा पेशंट कपाशी वेचायला जाताना सकाळची गोळी घेतो आणि दुपारपर्यंत जेवत नाही, त्याची साखर शेतात खाली जाते, त्याला गोळी कधी आणि कशी घ्यायला सांगू, हा माझा प्रश्न होता. मी तो टाईप केला. वेळ संपली. ते सेशन कुणी स्पॉन्सर केलं होतं ते शेवटच्या स्लाईडवर दिसलं.

दुसरा प्रकार सरकारी झूमचा. ऐन ओपीडीच्या वेळेत लिंक येते, हजेरीचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा असतो. बाहेर नव्वद पेशंट बसलेले, आत मोबाईल टेबलाला टेकवून ट्रेनिंग चालू. तिथे कुठला मेडिकल ऑफिसर म्हणेल की साहेब, माझ्याकडून ही केस चुकली? जिथे बोललेलं उद्या नोटीस होऊन येऊ शकतं तिथे माणूस तोंड उघडत नाही, आणि मग तीच चूक पलीकडच्या पीएचसीत दुसऱ्या पेशंटवर होते.

आणि असं नाही की याला दुसरा रस्ता कुणी काढलाच नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा म्हणून मूळचे भारतीय लिव्हरतज्ज्ञ आहेत. त्यांच्याकडे हिपॅटायटिस सीच्या पेशंटची वेटिंग लिस्ट काही महिन्यांची, लोक शेकडो मैल गाडी चालवत यायचे. त्यांनी २००३ मध्ये काय केलं, पेशंटला शहरात बोलवायच्या ऐवजी खेड्यातल्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं. लेक्चर थोडं, बाकी वेळ खेड्यातल्या डॉक्टरने आपली केस मांडायची आणि सगळ्यांनी मिळून बोलायचं. त्याचा निकाल २०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. युनिव्हर्सिटीच्या क्लिनिकमध्ये बरे झालेले ५७.५ टक्के आणि खेड्यातल्या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के. म्हणजे काही फरकच नाही! प्रोजेक्ट एको म्हणतात त्याला, भारतातही त्या धर्तीवर कामं चालतात. आमचा गुरुवारचा कॉल म्हणजे त्याचीच गरीब घरातली धाकटी बहीण म्हणा, ना स्टुडिओ ना कोऑर्डिनेटर, पण पद्धत तीच.

आणि ज्ञान नेहमी वरून खालीच येतं हे तरी कुणी सांगितलं? डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात बिरवाडीच्या पीएचसीत होते तेव्हा विंचू चावलेली पोरं त्यांच्यासमोर दगावायची आणि पुस्तकात उपाय नव्हता. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून एकेक गोष्ट टिपली, ती थेट लॅन्सेट या नावाजलेल्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आली, पुढे प्रॅझोसिन या औषधाचा वापर त्यांनी दाखवून दिला आणि आज विंचवाला ती गोळी देतात. पीएचसीतल्या डॉक्टरकडे सांगण्यासारखं असतं, विचारणारं कुणी पाहिजे.

आमच्याकडचंच घ्या. सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. १ जुलै २०२३ ला देशपातळीवरचं मिशन सुरू झालं, २०४७ पर्यंत आजार संपवायचं म्हणतात, तपासण्या जोरात झाल्या, कार्डं वाटली. नंदुरबार, धुळे, जळगावच्या पाड्यांवर हा आजार किती घरांत आहे ते आम्ही रोज बघतो. पण कार्ड हातात घेऊन ताप आलेली पोर समोर येते तेव्हा पुढे काय? हा साधा ताप नाही, अँटिबायोटिकला उशीर करायचा नाही, प्लीहा मोठी झालीय का बघायची, पाय दुखतात म्हणून रडणाऱ्या पोरीला "वाढीचं दुखणं" म्हणून परत पाठवायचं नाही, हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध चालू असेल तर रक्ताची तपासणी किती दिवसांनी. हे कुणी शिकवायचं आणि कुणाला शिकवायचं? ती पोर आधी माझ्याकडे येतच नाही. ती येते उपकेंद्रावरच्या सीएचओकडे, म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसरकडे, जो बीएएमएस आहे, किंवा गावातल्या प्रायव्हेट डॉक्टरकडे, जो बीएएमएस किंवा होमिओपॅथ आहे. त्यांची काउन्सिल वेगळी, म्हणून आमच्या सीएमईत त्यांना बोलावतच नाहीत. पॅथीचं भांडण ज्यांना करायचं त्यांनी करावं, पण पहाटे साडेपाचला ज्याच्या दारात पेशंट पोचतो त्याला मण्यार ओळखता आला पाहिजे, यावर तरी दुमत नसावं. आम्ही आमच्या कॉलला सगळ्यांना घेतो. नियम दोनच, पेशंटचं नाव-गाव-चेहरा टाकायचा नाही आणि कॉलवरची गोष्ट बाहेर बोलायची नाही. बोलणं मराठीत, मध्येच अहिराणी. वरच्या पाड्यांवर रेंज नसते, त्यांच्यासाठी आमच्यातली एक जण नंतर सात-आठ मिनिटांचा ऑडिओ बनवते, केसमधलं शिकण्यासारखं तेवढंच त्यात, ते लोक खाली बाजाराला उतरले की डाउनलोड करतात.

सगळं काही स्क्रीनवर शिकता येत नाही हेही मला मान्य आहे. डिलिव्हरीनंतरच्या रक्तस्रावाचं घ्या. चार आफ्रिकी देशांतल्या हॉस्पिटलांमध्ये झालेला मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला, बाईच्या खाली खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावून रक्त मोजायचं आणि जास्त दिसलं की सगळे उपाय एकामागे एक न करता एकदमच सुरू करायचे, त्याने तीव्र रक्तस्रावाचा धोका ६० टक्क्यांनी कमी झाला. आम्ही ते कॉलवर वाचलं. पण सिस्टरांना पटलं कधी, तर जेव्हा लेबर रूममध्ये अर्धा लिटर पाण्यात कुंकू कालवून टेबलावर ओतलं आणि "किती असेल?" विचारलं तेव्हा. एकीने दीडशे सांगितलं, एकीने दोनशे. तो प्रयोग हातानेच करावा लागतो, आणि त्यासाठी कुणीतरी जिल्ह्यातून महिन्यातून एकदा तरी पीएचसीत यायला हवं.

मागणं फार नाहीये माझं. अशा केस-चर्चांना क्रेडिट द्या. आठवड्यातला एक तास ड्युटीत धरा, रात्री साडेनऊला पोरांना झोपवून आम्ही किती वर्षं बसणार. मेडिकल कॉलेजच्या लोकांनी बोलण्याआधी आमची केस ऐकावी. आणि तिथे बोललेल्या चुकीवरनं कुणालाही नोटीस जाणार नाही, हे लेखी द्या, तोंडी नको.

येत्या गुरुवारी आमच्या उपकेंद्राचा सीएचओ पहिल्यांदा केस मांडणार आहे. सात वर्षांची मुलगी, सिकलसेलचं कार्ड, दोन दिवस ताप. काल दुपारी माझ्याकडे आला होता, कागदावर सगळं लिहून, वेळा टाकून. म्हणाला, "मॅडम, पहिल्या दिवशी मी फक्त पॅरासिटामॉल दिलं होतं, ते सांगू का?" म्हटलं, तिथूनच सुरू कर.