पिअर्स उतरला तसाच मीही

"खांबावरचं विमान बघायला तू दीडशे किलोमीटर जाणार?" कणीक मळता मळता बायकोने विचारलं. परतीचे दीडशे तिने धरलेच नव्हते, म्हणून मी घाईघाईने हेल्मेट चढवून निघालो.

विमान रिचर्ड पिअर्सचं. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, टेमुकाच्या आत वायटोही नावाची वस्ती आहे, तिथला हा शेतकरी. शेती सोडून बांबू, तारा आणि कॅनव्हास घेऊन बसायचा. इंजिनही घरीच बनवलेलं. गाव त्याला 'वेडा पिअर्स' म्हणायचं, जे गाव कुठेही म्हणतंच. काही शेजाऱ्यांच्या आठवणीप्रमाणे ३१ मार्च १९०३ला तो उडाला, म्हणजे राइट बंधूंच्या साडेआठ महिने आधी, आणि थोडं अंतर जाऊन काटेरी कुंपणावर आदळला.

क्राइस्टचर्चहून निघालो तेव्हा वारा बरा होता. राकाइयाच्या पुलावर वायव्येच्या वाऱ्याने मला गाठलं. पूल पावणेदोन किलोमीटरचा, देशातला सर्वांत लांब. वारा उजवीकडून, म्हणून मी बाइक उजवीकडे कलती ठेवून, दारात माणसं लटकलेल्या एसटीसारखा चाललो होतो. तेवढ्यात समोरून ट्रक. ट्रक शेजारी आला की वारा एकदम बंद, आणि कललेली बाइक थेट ट्रककडेच झेपावते. ट्रक गेला की पुन्हा थोबाडीत. असे चार ट्रक आले. चौथ्यापर्यंत मला रामरक्षा पाठ असल्याचा शोध लागला.

टेमुकाहून आत वळल्यावर मेंढ्या, कुरणं आणि शुकशुकाट. आणि रस्त्याच्या कडेला अचानक ते! खांबावर, आभाळात अडकलेलं, पतंग आणि तीनचाकी सायकल यांचं लग्न लागल्यासारखं. खाली फलक. बस्स. टपरी नाही, चहा नाही. गाव असं कौतुक करतं, पण स्वतः पिअर्सने मात्र पुढे वर्तमानपत्रांना कळवलं होतं की आपले प्रयत्न १९०४चे, पहिला मान राइट बंधूंचा. हे वाचून मी चकितच झालो होतो. गिरगाव चौपाटीवर १८९५ साली तळपद्यांनी विमान उडवलं हे मी शाळेपासून ऐकतोय. पुरावा मागितला की सांगणाऱ्याचा आवाज चढतो. इथे उडवणाराच म्हणतो, राहू द्या.

फोटोसाठी मागे सरकलो आणि मागे धप्प झालं. स्टँड मऊ मातीत रुतला होता. बाइक कुंपणात आडवी. उचलायला गेलो तर मीही तिच्यावर. कुंपण गॉर्सचं, तेच पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप. गोऱ्यांनी शेताला कुंपण म्हणून आणलं आणि ते आपल्या घाणेरीसारखं देशभर माजलं. प्रत्येक फुलामागे दहा काटे असावेत. मला सगळे भेटले.

एक म्हातारा शेतकरी गाडी थांबवून उतरला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वर विमानाकडे. दोघांनी मिळून बाइक उभी केली. हात झटकत तो गंभीरपणे म्हणाला, "आजची तारीख लिहून ठेव. नंतर फार वाद होतात."

रात्री बायकोने चिमट्याने काटे काढले. ती म्हणते चौदा, मी म्हणतो अकरा. लिहून कोणीच ठेवलं नाही.