रॅमची खाच कानशीने घासायची नसते

गेल्या काही दिवसांपासून तालुक्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. वर मथळा, ‘दुकानदार हे सांगणार नाही’, आणि खाली सहा मुद्दे. कोणतीही रॅम (कॉम्प्युटरची चालू काम साठवणारी मेमरीची पट्टी) कोणत्याही कॉम्प्युटरला चालते, खाच जुळली नाही तर कानशीने घासून बसवा. रॅम दुप्पट केली की वेग दुप्पट. अर्थिंग लागत नाही, प्लगची जाड पिन काढून टाका. उन्हाळ्यात सीपीयू, म्हणजे कॉम्प्युटरचा डबा, हवेच्या कूलरसमोर ठेवा. विंडोज 10 बंद झालं, जुना सीपीयू भंगारात द्या. आणि घरी जोडला तर नवा पीसी निम्म्या किमतीत.

हा मेसेज माझ्या पुतण्याकडे पोचला. आर्णी तालुक्यातल्या गावात त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. पीक विम्यापासून उत्पन्नाच्या दाखल्यापर्यंत सगळं त्या एका डेस्कटॉपवर चालतं. त्याचा फोन आला, “काका, डीडीआर3 ची जुनी पट्टी स्वस्तात भेटली. खाच जराशीच हुकून रायली. घासू का?” त्याने विचारलं म्हणून त्याचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी, वाचली. न विचारता कानस हातात घेणारे किती असतील, या विचाराने राग येतो.

डीडीआर3, डीडीआर4, डीडीआर5 या रॅमच्या एकामागून एक आलेल्या पिढ्या. एका पिढीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या फटीत, बसू नये म्हणूनच ती खाच दिलेली असते. मेमरीची मानकं जेडेक ही संस्था ठरवते आणि सगळ्या कंपन्या त्याच मापाने पट्ट्या बनवतात. जेडेकच्या मानकाप्रमाणे डेस्कटॉपच्या डीडीआर3 पट्टीला 240 पिना, डीडीआर4 ला 288. दोन्ही पट्ट्यांची लांबी मात्र सारखीच, 133.35 मिलिमीटर. म्हणून वरून बघणाऱ्याला वाटतं की खाच तेवढी आडवी येते आहे. प्रत्यक्षात डीडीआर3 च्या दोन पिनांत 1 मिलिमीटरचं अंतर असतं, डीडीआर4 मध्ये 0.85 मिलिमीटरचं. खाच घासून पट्टी दाबून बसवली तर पिना नीट जुळणार नाहीत. पट्टीची एक पिन स्लॉटमधल्या दोन पिनांना चिकटेल, आणि त्यातली एक वीजपुरवठ्याची व दुसरी ग्राउंडची निघाली तर शॉर्ट. वर व्होल्टेजही वेगळं: डीडीआर3 ला 1.5, डीडीआर4 ला 1.2. शिवाय पट्टी म्हणजे तांब्याचे अनेक थर एकावर एक दाबलेले असतात. कानस मारली की थर उघडे पडतात आणि तांब्याची भुकटी थेट स्लॉटमध्ये जाते.

आणि कोणी म्हणेल की डीडीआर4 आणि डीडीआर5 दोन्हींना 288 पिना आहेत, तिथे तरी घासू द्या. तिथेही नाही. डीडीआर4 ला लागणारं व्होल्टेज मदरबोर्ड तयार करून देतो. डीडीआर5 च्या साध्या पट्टीला बोर्डकडून 5 व्होल्ट येतात आणि पट्टीवरचीच एक चिप ते 1.1 वर उतरवते. कुठल्या पिनवर काय येतं हेच बदललेलं आहे. पिनांची संख्या सारखी असल्याने काहीही सिद्ध होत नाही.

आपल्याला कोणती लागते हे कळायला दुकानदाराचीही गरज नाही. सीपीयू बंद करा, वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मग जुनी पट्टी काढून तिचं लेबल वाचा. पीसी3 लिहिलं असेल तर डीडीआर3, पीसी4 म्हणजे डीडीआर4, पीसी5 म्हणजे डीडीआर5. पीसी3-12800 दिसलं तर ती 1600 वेगाची पट्टी, पीसी4-21300 दिसलं तर 2666 ची. लेबलचा फोटो काढा आणि तो दाखवूनच नवी घ्या, मग ती नागपूरच्या सीताबर्डीत घ्या की यवतमाळात. योग्य पट्टी स्लॉटमधल्या उंचवट्यावर आपोआप बसते. दोन्ही टोकांना अंगठ्याने सारखा दाब दिला की क्लिप ‘कट्’ असा आवाज करून मिटते. एवढ्यावर बसली नाही, तर पट्टी उलटी धरली आहे किंवा चुकीची आहे. तिसरं कारण सहसा नसतं.

दुसरा घातक मुद्दा जाड पिनेचा. लोकांना तो पटतो, कारण अर्थिंग नसलेल्या घरात कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि पिन काढूनही कॉम्प्युटर चालू राहतो. झिणझिण्या का येतात ते समजून घ्या. एसएमपीएसच्या, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणाऱ्या डब्याच्या, तोंडाशी विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याकडे, एक न्यूट्रलकडून पत्र्याकडे. त्यातून झिरपणारा जरासा करंट अर्थिंगने जमिनीत जायचा असतो. अर्थिंग तुटलं की पत्रा साधारण 115 व्होल्टवर तरंगत राहतो. करंट कमी म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या आत फेजची वायर पत्र्याला टेकली तर त्याच पत्र्यावर पूर्ण 230 येतील आणि जमिनीत जायला वाट उरेल ती हात लावणाऱ्या माणसाची. पिन काढा असं गावभर सांगणं हा लोकांच्या जिवाशी खेळ आहे.

आपल्याकडे पिन शाबूत असूनही अर्थिंग मेलेलं असतं, हेही खरं. मे महिन्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. खड्ड्यात पाणी घालत राहा आणि वायरमनला बोलावून फेज आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घ्या.

कूलरचं थोडक्यात सांगतो. 45 अंशांत कॉम्प्युटर तापतो, हे मान्य. पण आपला कूलर ओली हवा फेकतो, सोबत पाण्याचे बारीक थेंब, आणि बोअरचं पाणी असेल तर क्षारही. ते बोर्डवर बसतात, त्यावर धूळ चिकटते, पिना गंजतात. सीपीयू जमिनीवरून उचलून ठेवा, मागे वीतभर जागा सोडा आणि प्रोसेसरवरच्या पंख्यातली धूळ ब्रशने काढा.

रॅम दुप्पट म्हणजे वेग दुप्पट, यात अर्धं खरं आहे आणि तेवढं मी कबूल करतो. 4 जीबीवर विंडोज 10 आणि क्रोमच्या आठ-दहा टॅब उघडल्या की रॅम भरते, उरलेला माल हार्ड डिस्कवर टाकला जातो, आणि फॉर्म सबमिट करताना गोल चक्र फिरत राहतं. तिथे 8 जीबी केल्याने फरक पडतो, चांगलाच पडतो. त्यापुढे 16 केले तर फॉर्म भरणाऱ्याला काही जाणवणार नाही. तोच पैसा हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपांवर चालणारी वेगवान डिस्क, लावण्यात घाला. आणि विंडोज 32 बिटचं असेल तर 4 जीबीच्या वरची रॅम त्याला वापरताच येत नाही, हे आधी सेटिंगमध्ये बघून घ्या.

विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, ही बातमी खरी. त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा. कॉम्प्युटर त्या तारखेला बंद पडला नाही, सुरक्षेचे मोफत नियमित अपडेट थांबले. घरगुती वापरासाठी जादा अपडेटची मुदत मायक्रोसॉफ्टने 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत दिली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, तो नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकता येते. फक्त दुकानातलं बोटांचे ठसे घेणारं यंत्र त्यावर चालतं का, ते टाकण्याआधी तपासा. पोरांच्या अभ्यासाला लागणारा चालू सीपीयू किलोच्या भावाने देण्यात काहीच शहाणपण नाही.

राहिला निम्म्या किमतीतला पीसी. घरी जोडणं अवघड नाही, सोल्डरिंग लागत नाही, एक स्क्रू ड्रायव्हर पुरतो. वाचते ती जोडणीची मजुरी. प्रोसेसर, बोर्ड, एसएमपीएस यांच्या किमती आपण जोडतो म्हणून उतरत नाहीत. 2025 च्या अखेरीपासून तर एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरी वळल्याने रॅमच महागली आहे. जुनी पट्टी घ्यायची वेळ आली तर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवून बघा. त्यात एकही एरर आला तर परत करा, आणि परत घेईल अशाच माणसाकडून बिलासकट घ्या.