आज सातच?

डॉक्टरांनी रोज वीस उठाबशा सांगितल्या. त्या कोणासमोर काढायच्या, ते सांगितलं नव्हतं.

आमच्या आणि शेजाऱ्यांच्या अंगणांमध्ये कमरेएवढं तारेचं कुंपण होतं. हद्द दाखवण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. (शेजाऱ्यांचं नाव मुद्दाम घेत नाही. घेतलं तर हाक मारल्यासारखं होईल आणि ते ओ देतील.) माणूस वाईट नाही. ते कधी डोकावत नाहीत, झाडांना पाणी घालतात. मी अंगणात पाऊल टाकलं की त्यांच्या हातात झारी उगवते आणि मी घरात जाईपर्यंत ते कुंपणालगतच्या एकाच जास्वंदीला पाणी घालत राहतात. ती जास्वंद मुळं कुजून गेली. त्यांनी तिथेच दुसरी लावली.

एका सकाळी सातव्या उठाबशीला माझ्या गुडघ्यातून फांदी मोडल्यासारखा आवाज आला आणि मी थांबलो. झारी तशीच तिरकी धरून ते म्हणाले, “आज सातच?”

प्रश्न साधाच होता. मला झोंबला तो त्यातला ‘आज’. म्हणजे कालचा आकडाही त्यांच्याकडे होता. परवाचाही असणार. माझ्याकडे नव्हता.

“खासगीपणा नावाची काही चीज आहे की नाही?” मी घरात येऊन बायकोला विचारलं.

“आहे ना. आधी ते बनियन बदला,” ती म्हणाली. त्या बनियनला पाठीवर एक भोक होतं. त्यातून वारा खेळता राहायचा आणि त्याचा या विषयाशी काही संबंध नव्हता.

कुंपण उंच करायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. पहिल्यांदा मेंदी सुचली. पण मेंदी डोळ्यांच्या उंचीला येऊन दाट होईपर्यंत वर्षं जातात, तोवर मी किती हजार उठाबशा उघड्यावर काढणार? मग बांबू. बांबूच्या काही जाती दिवसाला ९० सेंटिमीटरपर्यंत वाढतात हे वाचून मी हरखलो. पुढचं वाक्य बायकोने वाचलं: पसरणाऱ्या जातींचे कंद जमिनीखालून सरकत जातात आणि हद्दीपलीकडे कोंब काढतात. “म्हणजे तुम्हाला झाकायला त्यांच्या जास्वंदीत बांबू,” ती म्हणाली. कुंपणाने शेत खाल्ल्याचं आजवर ऐकत आलो होतो. शेजाऱ्याचं शेत खाणारं कुंपण मात्र इतिहासात माझ्याच नावावर लागलं असतं.

राहिली भिंत. ६ फुटी. “आधी त्यांच्या कानावर घाला,” असं बायको म्हणाली म्हणून गेलो. ते भडकले असते तर बरं झालं असतं, मलाही भडकता आलं असतं. ते टेप आणि कागद घेऊन बाहेर आले.

“सूर्य ४५ अंशांवर असताना ६ फुटी भिंतीची सावली ६ फूट,” ते म्हणाले. “३० अंशांवर असताना १० फुटांच्या वर. सकाळी तर तो त्याच्याही खाली असतो. माझ्या जास्वंदीने फुलायचं कधी?”

“दुपारी,” मी म्हणालो.

त्यांनी ते मनावर घेतलं नाही. “आणि ६ फूट कुठून मोजणार?”

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. त्यांचं अंगण आमच्यापेक्षा दीड फूट खाली आहे. आमच्या जमिनीपासून मोजलं तर त्यांच्यापुढे साडेसात फुटांची भिंत उभी राहणार, आणि त्यांच्या जमिनीपासून मोजलं तर माझ्या वाट्याला साडेचारच फूट. म्हणजे प्रत्येक उठाबशीला माझं डोकं भिंतीमागे मावळणार आणि पुन्हा उगवणार. मोजायला आणखी सोपं.

त्या रात्री झोप येईना, म्हणून जगभरातली कुंपणं वाचत बसलो. सॅन फ्रान्सिस्कोत १८७०च्या दशकात चार्ल्स क्रॉकर नावाच्या रेल्वेवाल्या धनाढ्याला आपल्या वाड्यासाठी टेकडीवरचा अख्खा चौक हवा होता. निकोलस युंग हा एक शेजारी तेवढा घर विकेना. त्याचा धंदा अंत्यविधींची व्यवस्था करण्याचा, तेव्हा भीती घालायलाही वाव नव्हता. क्रॉकरने त्याच्या घराला तीन बाजूंनी सुमारे ४० फूट उंच लाकडी कुंपण घातलं. उजेड बंद, वारा बंद. असल्या प्रकाराला इंग्रजीत स्वतंत्र शब्द आहे. आपण त्याला खुन्नसकुंपण म्हणू. ४० फूट! आणि मी इथे दीड फुटावर अडलो होतो.

उलट इंग्लंडातल्या जुन्या बागांत ‘हा-हा’ नावाचं कुंपण असतं (चेष्टा नाही, नावच तसं आहे). जमिनीत चर खणायचा, त्याची एक बाजू भिंतीसारखी बांधून काढायची. गुरं पलीकडेच राहतात आणि नजर मात्र थेट क्षितिजापर्यंत जाते. माझी तक्रार गुरांबद्दल नव्हती. त्याच देशात २००३ साली कायदा झाला आणि २ मीटरहून उंच सदाहरित झाडांचं कुंपण उजेड अडवत असेल तर शेजाऱ्याला दाद मागण्याची सोय झाली. हे मी बायकोला वाचून दाखवलं नाही.

शेवटी तडजोड झाली ती हिरव्या शेड नेटवर. त्यातही टक्के असतात: ५०, ७५, ९०. जितके टक्के तितका उजेड जाळी अडवते. मी छाती काढून ९० म्हणालो.

“७५ घ्या,” शेजारी म्हणाले. “९० टक्क्यांची जाळी वारा धरते. शीड होईल तिचं.”

मला सल्ला नको होता, आडोसा हवा होता. मी ९०च आणली. मग खांब कोणाच्या बाजूला, यावर आठवडा गेला. ज्याच्याकडे खांब त्याला दिवसभर गंजलेलं लोखंड बघायचं, पलीकडच्याला सपाट हिरवं. माझं म्हणणं, खर्च माझा, तेव्हा हिरवं मला. त्यांचं म्हणणं, गरज तुमची, तेव्हा खांब तुम्हाला. खांब माझ्याकडे आले.

पण जाळी लागल्यावर काय बहार आली! भर दुपारी व्हरांड्याच्या सावलीत बसून मी खात्री करून घेतली. मला त्यांचं अंगण लख्ख दिसत होतं, जास्वंदीची पानंसुद्धा मोजता आली असती. ते मात्र झारी घेऊन आले, जाळीशी घुटमळले, मान वाकडी केली आणि काही न दिसून परत गेले. जाळी जणू माझ्याच बाजूने झाली होती. तासभर मी तिथून हललो नाही. त्या तासात ते दोनदा जांभई देऊन एकदा शिंकले. (याला टेहळणी म्हणत नाहीत. मी माझ्याच व्हरांड्यात होतो.)

जाळीला भोकं असतात, त्यामुळे आवाज काही अडत नाही. पण यातही माझी सोयच झाली. मी खुर्चीत बसून मोठ्याने मोजायला लागलो. “एक... दोन...” अधूनमधून एखादा हुंकार. दहानंतर थोडी धाप. पहिल्या दिवशी वीस, आठवड्याने तीस. एकदा ओघात बेचाळीसवर गेलो. पलीकडे झारीचं पाणी मध्येच थांबल्यासारखं वाटलं. ते दडपले असणार.

पुढे मनाला खाऊ लागलं आणि खऱ्या उठाबशाही सुरू केल्या. त्या मात्र पहाटे, अगदी अंधारात, व्हरांड्यातला दिवा लावून. त्या वेळी पलीकडे चिटपाखरू नसतं. बनियन तेच.

मग एका संध्याकाळी वादळ आलं आणि ९० टक्क्यांनी आपलं शीड उभारलं. दोन खांब वाकले, जाळी अर्धी सुटून जास्वंदीवर जाऊन पसरली. मी पक्कड आणि बांधायची तार घेऊन गेलो. जाळी बांधण्यात एक अडचण असते. तार भोकातून पलीकडे घातली की ती परत अलीकडे येत नाही. ती पलीकडून कोणीतरी परत द्यावी लागते. मी वळसा घालून तिकडे जाणार, तेवढ्यात तारेचं टोक आपोआप परत आलं.

“ओढा,” जाळीमागून आवाज आला.

मी ओढली, पीळ दिला. पुढच्या भोकात घातली. “दिली.”

“आली. घ्या.”

असं आम्ही अख्खी बाजू बांधत गेलो. “शीड होईल म्हणालो होतो,” असं ते एकदाही म्हणाले नाहीत. तेवढ्यावरून मला त्यांच्याबद्दल आदर वाटायला लागला होता. शेवटच्या खांबापाशी अंधार पडला. बायकोने व्हरांड्यातला दिवा लावला.

“बरं झालं. आता तुम्ही स्वच्छ दिसताय,” ते म्हणाले.

“जाळीतून?”

“म्हणजे काय? उजेड ज्याच्याकडे, तो दिसतो. दुपारी तुम्हाला मी दिसतो, पहाटे मला तुम्ही. माझी उठायची वेळ साडेचारची.” त्यांनी तारेचं टोक माझ्या हातात दिलं. “कालच्या अकरा चांगल्या झाल्या. बाराव्याला टाच उचलता तुम्ही, ती टेकवा. आणि ते दुपारचं मोजणं बंद करा बुवा, माझी गल्लत होते.”